न दिसणाऱ्या दुखापतीचा दावा

माझे यजमान आज इंदूरला राजवाड्यावर किंवा रामबागेत तुम्हांला भेटले, तर ते आपुलकीने तुमची विचारपूस करतील, जुन्या ओळखी काढतील, आणि त्या पाच-दहा मिनिटांत त्यांच्या मेंदूला जिवावर बेतणारी इजा झाली होती, हे तुमच्या ध्यानातही येणार नाही. केसांखाली दडलेली शस्त्रक्रियेची खूण आणि चालताना उजव्या पायाची किंचित ओढ, एवढेच काय ते दिसते. इंदूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आम्हांला जे सिद्ध करावे लागले, ते सारे या दिसण्याच्या पलीकडचे होते. हात किंवा पाय गमावलेल्या माणसाचे नुकसान न्यायालयात शिरताच दिसते. ज्याची योजना आखण्याची, क्रम लावण्याची आणि रागावर ताबा ठेवण्याची शक्ती गेली आहे, त्याचे नुकसान मात्र कागदांतून आणि साक्षींतून उभे करावे लागते. आमच्यासारख्या कुटुंबांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

अपघात ऑगस्ट २०२२ मधला. हे पिथमपूरच्या एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचे काम पाहत असत. वय अडतीस, नोकरी कायम, पगार महिना ३०,००० रुपये. संध्याकाळी मोटारसायकलवरून राऊच्या दिशेने परतताना वळणावर विरुद्ध बाजूने आलेल्या ट्रकची धडक बसली. डोक्यावर हेल्मेट होते, ते तडकले, आणि डॉक्टरांच्या मते त्यानेच जीव वाचला. रुग्णालयात आणले तेव्हा ग्लासगो कोमा मापनावर त्यांचा अंक सात होता. हे मापन तीनपासून पंधरापर्यंत असते, आणि आठ किंवा त्याहून कमी अंक म्हणजे तीव्र दुखापत मानली जाते. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली डावीकडे रक्तस्राव आणि पुढच्या भागात दोन्ही बाजूंना मार दिसला. त्याच रात्री कवटीचा एक तुकडा काढून मेंदूवरचा दाब कमी करण्यात आला. तो तुकडा पोटाच्या त्वचेखाली जपून ठेवला होता आणि पुढे दुसऱ्या शस्त्रक्रियेत परत बसवला. पगार २१,००० रुपयांच्या मर्यादेहून अधिक असल्यामुळे कर्मचारी राज्य विम्याचे संरक्षण नव्हते. कारखान्याच्या सामूहिक विम्याची रक्कम लवकरच संपली. उरलेला खर्च सासूबाईंच्या दागिन्यांतून आणि भाऊजींनी काढलेल्या कर्जातून भागला.

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांपाशी दावा मिळवून देणारी माणसे येऊन बसतात, हे तेव्हा प्रथम पाहिले. जेवढे मिळेल त्यातला अमुक हिस्सा आमचा, आत्ता काही देऊ नका, फक्त या कोऱ्या वकीलपत्रावर सही करा, असे त्यांचे सांगणे असते. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा मागणे बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला वर्ज्य आहे, ही माहिती आमच्या शेजारच्या, न्यायालयातून निवृत्त झालेल्या काकांनी दिली नसती, तर त्या मनःस्थितीत आम्ही सही केली असती. काकांनीच एका अनुभवी वकील बाईंची गाठ घालून दिली, आणि टप्प्याटप्प्याने द्यायची ठरावीक फी आम्ही आधीच लिहून घेतली. ज्यांना तेही परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि अपंग व्यक्तींना त्यांचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो.

पोलिसांकडील कागद ही दाव्याची पायाभरणी असते. पहिली खबर भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ आणि ३३७ खाली नोंदली गेली होती, म्हणजे कागदोपत्री ती साधी दुखापत होती. वैद्यकीय अहवाल तपास अधिकाऱ्यांकडे पोहोचवून गंभीर दुखापतीचे कलम ३३८ वाढवून घेणे आवश्यक होते, आणि आमच्या वकील बाईंनी ते आरोपपत्र दाखल होण्यापूर्वीच करून घेतले. घटनास्थळाचा नकाशा, जप्त केलेल्या तडकलेल्या हेल्मेटचा पंचनामा, ट्रकचा विमा, चालकाचा परवाना आणि वाहनाची यांत्रिक तपासणी या सर्वांच्या प्रमाणित प्रती आम्ही घेतल्या. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि त्या अहवालालाच दाव्याचा अर्ज मानता येते. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीचे आदेशही दिले. आमच्या प्रकरणात मात्र अहवाल वेळेवर गेला नव्हता, म्हणून आम्ही स्वतःच अर्ज केला.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली हा अर्ज होतो. अपघात धार जिल्ह्याच्या हद्दीत झाला असला, तरी अर्जदार जेथे राहतो तेथेही अर्ज करण्याची मुभा याच कलमात आहे, त्यामुळे आम्ही इंदूरच्या न्यायाधिकरणात आलो. आजारी माणसाला घेऊन प्रत्येक तारखेला धारला जाणे आम्हांला झेपले नसते. चालक, मालक आणि विमा कंपनी असे तिघे गैरअर्जदार होते. अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यातील दुरुस्तीने घातलेली होती, आणि मेंदूच्या दुखापतीत नेमकी तीच अडचणीची ठरते. मेंदू कितपत सावरेल हे वर्ष-दीड वर्षापर्यंत डॉक्टरही निश्चित सांगत नाहीत, आणि कायमच्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र तोवर अर्थपूर्ण ठरत नाही. म्हणून आम्ही जानेवारी २०२३ मध्ये अर्ज दाखल केला आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र पुढे पुराव्याच्या टप्प्यावर सादर करू, असे त्यात नमूद केले. प्रमाणपत्राची वाट पाहत अर्ज लांबवू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

अर्जावर सही कोणाची, हा प्रश्न आम्हांला अनपेक्षित होता. ह्यांना आपले नाव, पत्ता, मुलीची इयत्ता, सगळे ठाऊक होते. पण कागदावर काय लिहिले आहे आणि त्याचा परिणाम काय होईल, याचा विचार शेवटपर्यंत नेणे त्यांना जमत नव्हते. वकील बाईंनी न्यूरोसर्जनचे पत्र जोडून, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३२व्या आदेशाच्या आधारे, मला वादमित्र म्हणून, म्हणजे ह्यांच्या वतीने, अर्ज चालवू द्यावा अशी विनंती केली. विमा कंपनीने हरकत घेतली की गृहस्थ शुद्धीवर आहेत, बोलतात, तेव्हा याची गरज नाही. न्यायाधीशांनी ह्यांना जवळ बोलावून शांतपणे काही प्रश्न विचारले. ह्यांनी ठामपणे सांगितले, “साहेब, मी अगदी ठीक आहे, उद्यापासून कामावर जाणार आहे.” त्या वेळी कारखान्यातून त्यांना काढून बरेच दिवस लोटले होते, आणि हे त्यांना आदल्या रात्रीही समजावून सांगितले होते. आपल्याला काही झाले आहे याचीच जाणीव नसणे हे मेंदूच्या पुढच्या भागाच्या दुखापतीचे एक लक्षण आहे, असे डॉक्टरांनी लेखी दिले होते. न्यायाधीशांनी त्या पत्राशी ह्यांचे उत्तर ताडून पाहिले आणि विनंती मान्य केली.

ह्याच लक्षणामुळे पुढे वैद्यकीय मंडळासमोर मोठा पेच उभा राहिला. अपंगत्व ठरवणाऱ्या डॉक्टरांनी विचारले तेव्हा ह्यांनी प्रत्येक वेळी काही त्रास नाही असेच सांगितले. बुद्ध्यंकाची चाचणी घेतली तर तो सर्वसाधारण निघाला, कारण शिकलेले ज्ञान आणि शब्दसंपत्ती अशा दुखापतीत बऱ्याचदा शाबूत राहते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार दिलेले आहेत, त्यांत आघाताने झालेल्या मेंदूच्या दुखापतीची स्वतंत्र नोंद नाही. म्हणून मंडळ हातापायांचा अशक्तपणा, वाचेतील दोष असे जे मोजता येते ते मोजते. आमचे प्रमाणपत्र ४० टक्क्यांचे आले. मंडळाने आपल्या चौकटीत प्रामाणिकपणे काम केले, यात मला शंका नाही; पण आमचे खरे नुकसान त्या चौकटीच्या बाहेर राहिले होते.

येथेच मला या साऱ्या प्रवासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळली. अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची क्षमता किती गेली याची टक्केवारी, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हा फरक अगदी स्पष्ट केला आहे. डावा हात गेलेला सुतार किंवा वाहनचालक जवळपास पूर्ण कमाई गमावतो, तोच हात गेलेला सरकारी कारकून कदाचित आपल्या नोकरीत राहू शकतो. म्हणून तो माणूस आधी काय करत होता, आता काय करू शकतो आणि दुसरे कोणते काम करून पोट भरू शकतो, हे न्यायाधिकरणाने पाहिले पाहिजे. वकील बाईंनी त्या निकालाची प्रत मला वाचायला दिली. तो वाचल्यावर पुराव्याचा सारा रोख कोठे ठेवायचा हे मनात पक्के झाले: ह्यांच्या कामाला मेंदूचा कोणता भाग लागत होता, आणि तो गेला आहे, हे दाखवायचे.

त्यासाठी तीन दिशांनी पुरावा उभा केला. एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेच्या न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणीसंचावर ह्यांची सविस्तर तपासणी केली. लक्ष टिकवणे, ऐकलेले शब्द काही वेळाने आठवणे, एका नियमावरून दुसऱ्यावर जाणे, टप्प्यांची योजना आखणे अशा प्रत्येक क्षमतेचे वेगळे मापन त्या अहवालात होते, आणि योजना व स्मरण या दोहोंत ह्यांची कामगिरी फारच खाली आली होती. विमा कंपनीने त्या बाईंच्या अधिकारावर प्रश्न उपस्थित केला, तेव्हा भारतीय पुनर्वास परिषदेकडील त्यांची नोंदणी उपयोगी पडली. अशी तपासणी करून घेताना अहवालावर हा नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे जरूर पाहावे.

दुसरा पुरावा माझ्या नोंदवहीचा होता. रुग्णालयातून घरी आल्यापासून मी रोज रात्री ह्यांच्याबद्दल चार ओळी लिहीत असे: दूध गॅसवर ठेवून विसरले, मुलीला शाळेतून आणायला निघाले आणि पलासियाला जाऊन उभे राहिले, भाजीवाल्याने सुटे पैसे नाहीत म्हटल्यावर अंगावर धावून गेले, त्याच दिवशी त्याच औषधाची गोळी दुसऱ्यांदा घेतली. पुराव्यासाठी म्हणून मी हे लिहिले नव्हते. डॉक्टरांनी विचारले तर सांगता यावे, एवढाच हेतू होता. नोंदवही मराठीत आणि न्यायालयाचे कामकाज हिंदीत, तेव्हा साऱ्या नोंदींचा हिंदी अनुवाद करून प्रतिज्ञापत्रासह जोडावा लागला. तारखांसह रोजच्या रोज लिहिलेल्या त्या साध्या ओळींचे वजन निकालपत्रात दिसले. नंतर आठवून सांगितलेल्या गोष्टींवर उलटतपासणीत जो संशय घेतला जातो, तो या नोंदींवर तेवढा घेता आला नाही.

तिसरी साक्ष कारखान्यातील ह्यांच्या सहकाऱ्यांची. साच्यांची अदलाबदल कोणत्या यंत्रावर कधी करायची, कच्चा माल कमी असेल तर कोणते काम पुढे ढकलायचे, हे आठवड्याचे वेळापत्रक पूर्वी ह्यांच्या डोक्यात असे. अपघातानंतर कारखान्याने सहानुभूतीने त्यांना परत घेतले होते. पण वेळापत्रकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच घोटाळा होऊ लागला. मग त्यांना भांडारात बसवले, आणि तेथे मालाच्या नोंदी चुकू लागल्यावर अखेर सेवा संपवली. मनुष्यबळ विभागाने पगारपत्रके आणि बदलीची व सेवासमाप्तीची पत्रे हजर केली. सहकाऱ्यांना साक्षीला बोलावताना मला संकोच वाटत होता, पण ते स्वतःच म्हणाले, “वहिनी, हे सांगायचे नाही तर काय सांगायचे?” ह्यांच्या जुन्या आणि नव्या वेळापत्रकांचे कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवले. ते माझ्या मते आमच्या दाव्यातील सर्वांत बोलके कागद होते.

हे सारे ह्यांच्या समोर व्हायचे, ही यातली सर्वांत कठीण गोष्ट होती. ज्या माणसाच्या हुशारीचा मला अभिमान होता, त्याच्याविषयी “यांना आता हिशेब जमत नाही, यांना एकटे सोडता येत नाही” असे मी शपथेवर सांगत होते आणि ते मागच्या बाकावर बसून ऐकत होते. घरी आल्यावर ते दुखावलेले असत, आणि का दुखावलो हे त्यांना सांगता येत नसे. वकील बाईंनी पुढच्या तारखांना माझ्या साक्षीच्या वेळी त्यांना बाहेर बसवण्याची परवानगी घेतली. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी ही परवानगी पहिल्याच दिवशी मागावी.

न्यूरोसर्जनची साक्ष मिळवायला वेळ लागला, कारण शस्त्रक्रिया टाकून न्यायालयात थांबणे डॉक्टरांना जमत नाही. डॉक्टरांसाठी वेळ निश्चित करावी किंवा न्यायालयाने नेमलेल्या आयोगामार्फत साक्ष घ्यावी, असा अर्ज आम्ही केला आणि त्यांना ठरावीक वेळ मिळाली. पुढे फीट येण्याचा धोका कायम असल्यामुळे वाहन चालवणे आणि चालू यंत्रांजवळ काम करणे सुरक्षित नाही, हे त्यांनी सांगितले, आणि त्यामुळे दुसरा रोजगार शोधण्याचा मार्ग किती अरुंद आहे हे स्पष्ट झाले. विमा कंपनीने हेल्मेट नव्हते असाही बचाव घेतला होता. पंचनाम्यामुळे तो तेथेच संपला.

मधल्या काळात लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव आला. ४० टक्के धरून हिशेब केलेला होता आणि रक्कम लगेच मिळणार होती. कर्ज डोक्यावर असताना ती नाकारणे सोपे नव्हते. घरात यावर बरीच चर्चा झाली. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील करता येत नाही, हे वकील बाईंनी स्पष्ट सांगितले. अखेर सासूबाईंनी निर्णय दिला की मुलगा आयुष्यभर सांभाळायचा आहे, वर्षभर नव्हे. आम्ही प्रस्ताव स्वीकारला नाही. सर्वांनी तसेच करावे असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या पुराव्यात कच्चे दुवे आहेत त्यांच्यासाठी तडजोड योग्य असू शकते.

निकाल २०२४ च्या अखेरीस लागला. न्यायाधिकरणाने कमाईच्या क्षमतेचे नुकसान ७५ टक्के धरले. वार्षिक उत्पन्न ३,६०,००० रुपये, त्यावर २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतील कायम नोकरदारासाठी ५० टक्के भावी वाढ, म्हणजे ५,४०,००० रुपये. त्याचे ७५ टक्के ४,०५,००० रुपये, आणि २००९ च्या सरला वर्मा निकालातील तक्त्याप्रमाणे ३६ ते ४० वयोगटासाठी १५ चा गुणक. असे ६०,७५,००० रुपये झाले. ४० टक्के धरले असते तर हाच आकडा ३२,४०,००० रुपयांवर थांबला असता. भावी वाढ फक्त मृत्यूच्या दाव्यात द्यायची, जखमीच्या नाही, असा विमा कंपनीचा युक्तिवाद होता. २०२० च्या पप्पू देव यादव निकालाने तो टिकला नाही.

मदतनीसाच्या खर्चासाठी आम्ही २०२० च्या काजल निकालाचा आधार घेतला होता. बारा वर्षांच्या त्या मुलीच्या मेंदूला अपघातात इजा झाली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने मदतनीसाचा खर्चही ठोक रकमेने न देता गुणक लावून दिला होता. आमच्या प्रकरणात महिना ५,००० रुपये धरून त्याच पद्धतीने ९,००,००० रुपये मिळाले. मी घरी राहून करते त्या देखभालीसाठी पैसे मागायचे हे मला आरंभी पटत नव्हते, पण माझी दुकानातील हिशेबाची नोकरी मला त्याचसाठी सोडावी लागली होती. औषधोपचाराची बिले पावत्यांप्रमाणे, वेदना आणि जीवनातील आनंद गमावल्याबद्दल ठोक रक्कम, आणि सर्वांवर अर्जाच्या तारखेपासून ७ टक्के व्याज असा आदेश झाला. अर्ज लवकर केल्याचा आणखी एक लाभ तेव्हा कळला, कारण कलम १७१ प्रमाणे व्याज अर्जाच्या तारखेच्या मागे जात नाही.

रकमेचा मोठा भाग न्यायाधिकरणाने राष्ट्रीयीकृत बँकेत ह्यांच्या नावे मुदत ठेवीत ठेवायला सांगितला असून, परवानगीवाचून त्यावर कर्ज काढता येत नाही की ती मोडताही येत नाही. ओळखीचे कोणीही गोड बोलून ह्यांच्याकडून सही घेऊ शकेल अशी त्यांची अवस्था असताना, हे बंधन मला मोठा आधार वाटले.

विमा कंपनीने कलम १७३ खाली उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात अपील केले असून तिचा आक्षेप ७५ टक्क्यांच्या आकड्यावर आहे. वसुलीला स्थगिती देताना न्यायालयाने निम्मी रक्कम जमा करायला लावली, तिच्यातून कर्ज फिटले, आणि ठेवीच्या व्याजातून मदतनीस व वाचोपचाराचा खर्च भागतो. पुढील उपचारांसाठी न्यायाधिकरणाने काहीच दिले नाही, म्हणून आम्हीही प्रतिआक्षेप दाखल केला आहे. त्यासाठी दर महिन्याच्या फीटवरील औषधांच्या आणि वाचोपचाराच्या पावत्या तारखेनुसार लावून ठेवण्याचे काम चालू आहे.